बलुतं सोडलं, मग बक्षिसीवर का जगायचं?

घाटकोपरच्या ज्या विहारात मी रविवारी अभ्यासवर्ग घेते, तिथे गेलं वर्षभर एक गोष्ट नेमाने दिसते. वंदना होते, वर्ग सुरू होतो आणि मागच्या दोन रांगांतली मुलं पेंगायला लागतात. आधी मला राग यायचा. मग एकाने सांगितलं, "ताई, काल क्लोजिंग होतं. घरी यायला पावणेदोन वाजले." क्लोजिंग म्हणजे फास्ट फूडच्या आउटलेटचं शटर अर्धं खाली आल्यानंतरचं काम. फ्रायरमधलं तेल काढायचं, ग्रिल घासायची, फरशी पुसायची, उरलेला माल मोजायचा, गल्ल्याचा हिशेब लावायचा. याला तास-सव्वा तास जातो. काही ठिकाणी त्याच्या आधीच हजेरीच्या मशीनवर बोट टेकवून 'आउट' करायला लावतात. तो शेवटचा तास मग कुणाच्याच हिशेबात नसतो.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांना पगाराच्या पावत्या आणायला सांगितल्या. बहुतेकांकडे पावतीच नव्हती, बँकेचा मेसेज होता. एका मुलीकडे पावती होती आणि त्यात 'कॅश शॉर्ट' या नावाखाली 640 रुपये कापलेले होते. त्या दिवशी काउंटरवर तीन जण आलटून पालटून बसले होते. पैसे कमी भरले म्हणून तिघांकडून सारखे कापले. चूक कुणाची, हे कुणी विचारलं नाही. तिनेही विचारलं नाही, कारण पुढच्या आठवड्याचं रोस्टर ज्याच्या हातात, त्यालाच हा प्रश्न विचारायचा होता.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या पट्ट्यात आपल्या वस्त्यांमधली बारावी झालेली, पदवीला असलेली किती मुलं-मुली या कामात आहेत, हे आपल्या कार्यकर्त्यांना वेगळं सांगायला नको. तरी आपल्या सभा-संमेलनांत या नोकऱ्यांचा विषय निघत नाही. सरकारी भरती आणि आरक्षणावर आपण बोलतो, ते बोललंच पाहिजे. पण भरतीची वाट पाहता पाहता जी चार-पाच वर्षं काउंटरमागे जातात, त्यांचा हिशेब कोण मागणार?

या नोकरीला मी नावं ठेवणार नाही. हॉटेलच्या भटारखान्यात कुणाचा हात लागलेला चालतो आणि कुणाचा नाही, हे या शहरात फार काळ जातीवर ठरायचं. गिरण्यांतही तेच होतं. धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून विणकाम खात्यात, म्हणजे जास्त पगाराच्या खात्यात, अस्पृश्य कामगारांना घेत नसत. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा मुद्दा लावून धरला होता. 1996 मध्ये वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर मॅकडोनाल्ड्सचं मुंबईतलं पहिलं दुकान उघडलं, 2001 मध्ये मालाड स्टेशनजवळ जम्बोकिंगचा वडापाव सुरू झाला आणि मग साखळी दुकानांची रांगच लागली. तिथे टोपी आणि गणवेश घातला की आडनाव मागे पडतं. आपल्या मुलीच्या हातचा बर्गर सगळं शहर खातं. आमच्या आजीच्या पिढीला ही छोटी गोष्ट वाटली नसती. पण जात विचारली नाही, या समाधानात पगार विचारायचा राहून जातो.

कायदा काय सांगतो, ते नीट पाहू. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली वेतन संहिता 2019 सालची. या संहितांवर आपल्या आणि डाव्या संघटनांनी केलेली टीका बरीचशी रास्त आहे. निरीक्षकाचं नावच आता 'निरीक्षक तथा सुविधाकार' झालं आहे आणि पहिल्या चुकीला खटला भरण्याआधी मालकाला सुधारायची संधी द्यावी लागते. पण या संहितेत आपल्या मुलांच्या उपयोगाची कलमं आहेत आणि ती वापरायची सोडून नुसता निषेध करणं मला पटत नाही.

किमान वेतन आता फक्त यादीतल्या उद्योगांपुरतं राहिलेलं नाही, ते प्रत्येक कर्मचाऱ्याला लागू आहे. पगाराची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत झाला पाहिजे. नोकरी सोडली किंवा काढून टाकलं, तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत. "तू नोटीस न देता गेलास, आता दीड महिन्याने बघू" हे वाक्य ज्यांनी ऐकलंय, त्यांनी ही मुदत पाठ करावी. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त कामाला दुप्पट दर. क्लोजिंगचा तो तास इथे बसतो.

आता 'कॅश शॉर्ट'कडे येऊ, कारण सर्वांत जास्त पैसा इथून गळतो. दंड कशाकशासाठी करता येतो, ती यादी सरकारने मंजूर केलेली आणि कामाच्या जागी लावलेली असावी लागते. दंड त्या पगाराच्या 3 टक्क्यांपेक्षा जास्त होऊ शकत नाही. तो नोंदवहीत लिहावा लागतो आणि त्याचे पैसे कामगारांच्याच भल्यासाठी खर्च करावे लागतात, मालकाच्या खिशात जात नाहीत. गल्ल्यात तूट आली तर कपात करता येते, पण ती त्या व्यक्तीच्या थेट निष्काळजीपणामुळे आलेली असली पाहिजे आणि आधी तिला आपली बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. तिघांकडून सारखे पैसे कापले, याचा अर्थच असा की चूक कुणाची ते ठरवलेलं नाही. फुटलेला ग्लास, जळलेली पॅटी, रद्द झालेली ऑर्डर, सगळ्याला हाच नियम.

दुसरी गळती दिसत नाही, कारण ती कागदावर कायदेशीर असते. एकाच काउंटरवर, एकाच गणवेशात उभी असलेली दोन मुलं दोन वेगवेगळ्या कायद्यांखाली असू शकतात. एक 'क्रू मेंबर', दुसरा 'ॲप्रेंटिस'. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कलम 18 प्रमाणे शिकाऊ उमेदवार हा कामगार नसतो. त्याला वेतन मिळत नाही, विद्यावेतन मिळतं. 2019 च्या दुरुस्तीत ते शिक्षणाप्रमाणे महिना किमान 5 ते 9 हजार असं ठरलं होतं. ज्याला खरोखर काही शिकायला मिळतं, त्याने जरूर उमेदवारी करावी. पण फ्रेंच फ्राइज तळायला आणि 'कॉम्बो घेणार का' विचारायला वर्षभराचं शिक्षण लागतं, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. मुलांना माझं एवढंच सांगणं असतं की सही करताना कागदावर 'ॲप्रेंटिस' लिहिलंय की 'कर्मचारी', ते वाचा.

त्यात सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापना कायद्यात बदल करायचा निर्णय घेतला. रोजचे तास 9 वरून 10, तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा 125 वरून 144 तास आणि पूर्वी 10 कामगार असले की लागू होणारा कायदा आता 20 कामगारांपासून. आपल्या उपनगरांतली फ्रँचायझीची दुकानं डोळ्यांसमोर आणा. दोन शिफ्टमध्ये मिळून बारा, पंधरा, अठरा माणसं. अशा दुकानांना साप्ताहिक सुट्टीचा, पाच तासांनंतरच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा, रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या मुलींच्या संमतीचा आणि घरापर्यंतच्या वाहनाचा नियम पूर्वीसारखा लागू राहील का, हा प्रश्न आपल्या आमदारांना विचारायला हवा होता. त्या आठवड्यात आपण कशाकशावर पोस्ट टाकत होतो, ते ज्याने त्याने आठवावं. वेतन संहितेला मात्र कामगारांच्या संख्येची अट नाही. म्हणून आज तीच हाताशी आहे.

उरला टिपेचा प्रश्न. काउंटरच्या दुकानात टीप कुठली, असं काही जण म्हणतील. पण बसून खायच्या चायनीज, शोरमा, पिझ्झाच्या दुकानांत, कॅफेंमध्ये टीप असते आणि मालक कामावर घेतानाच सांगतो, "पगार कमी आहे, पण टीप चांगली सुटते." टीप पगारात धरूनच पगार ठरवला जातो. पूर्वी निदान सुट्टे पैसे टेबलावर राहायचे आणि ते थेट पोराच्या हातात पडायचे. यूपीआय आल्यापासून बिल पैशापर्यंत बरोबर भरलं जातं. ज्याला वरचे वीस रुपये द्यायचे असतात, तो ते त्याच क्यूआर कोडवर देतो, म्हणजे मालकाच्या खात्यात. महिनाअखेरीला 'पूल' वाटला जातो. किती जमलं ते फक्त मॅनेजरला माहीत, आणि वाटायच्या आधी फुटलेल्या काचसामानाचे पैसे त्यातून वळते केलेले असतात.

सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये आयटीसीच्या एका प्राप्तिकराच्या खटल्यात टिपेबद्दल महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. कार्डाने दिलेली टीप हॉटेलकडे जमा होते, तेव्हा हॉटेल तो पैसा कर्मचाऱ्यांचा विश्वस्त म्हणून सांभाळत असतं. टीप हा मालकाने दिलेला पगार नव्हे. खटला कर कापण्याबद्दल होता, वाटपाबद्दल नव्हता, हे लक्षात ठेवून सुद्धा यातून सरळ दोन गोष्टी निघतात. टीप मालकाची नाही, म्हणून त्याने ती दाबू नये. आणि टीप पगार नाही, म्हणून ती दाखवून किमान वेतनातली तूट भरून काढू नये. एवढं असून आपल्या वेतन संहितेत टिपेच्या वाटपाबद्दल एकही कलम नाही. ब्रिटनने 2023 मध्ये त्यासाठी कायदा केला, 1 ऑक्टोबर 2024 पासून तो लागू आहे आणि गोळा झालेली टीप कपात न करता कामगारांना द्यावी लागते.

सर्व्हिस चार्जचंही तसंच झालं. 28 मार्च 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयाने तो सक्तीने लावता येणार नाही, असं सांगितलं. निर्णय ग्राहकाच्या बाजूने बरोबर आहे. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना मात्र हा पैसा कामगारांसाठी असल्याचं सांगत होत्या. कामगारांचीच एवढी काळजी असेल तर मेनूकार्डावरचे दर वाढवून पगार वाढवायला कुणी अडवलंय? टिपेवर घर चालत नाही, याचा पुरावा झोमॅटोच्या संस्थापकांनी जानेवारी 2026 मध्ये स्वतःच दिला. 2025 मध्ये डिलिव्हरी करणाऱ्याची तासाची सरासरी कमाई टीप सोडून 102 रुपये आणि टीप तासाला 2 रुपये 60 पैसे. साधारण 5 टक्के ऑर्डरवरच टीप मिळते.

मला यात आपला जुना इतिहास दिसतो. महार वतन म्हणजे काय होतं? काम ठरलेलं, रात्रंदिवस, सगळ्या गावाचं. मोबदला मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर. कुणी पेंढी देईल, कुणी भाकरी देईल, कुणी हाकलून देईल. 1928 मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. सरकारी काम घेता तर ठरलेला रोख पगार द्या, हा त्यामागचा मुद्दा होता. आपल्याच माणसांनी तेव्हा वतनाला कवटाळलं होतं, हेही खरं. अमेरिकेत गुलामी संपल्यावर पुलमन कंपनीने काळ्या माणसांना रेल्वेच्या डब्यांत हमाल म्हणून घेतलं आणि तुटपुंज्या पगारावर, प्रवाशांच्या बक्षिसीवर जगायला लावलं. त्यांनी 1925 मध्ये युनियन बांधली आणि बारा वर्षं झगडून 1937 मध्ये करार मिळवला. मर्जीने मिळणारा पैसा कितीही झाला तरी तो मागता येत नाही, आणि देणाऱ्यासमोर हसत उभं राहावं लागतं ते वेगळंच.

किमान वेतनाचं विधेयक एप्रिल 1946 मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडणारे मजूरमंत्री बाबासाहेबच होते. 1948 मध्ये कायदा झाला. 1982 मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही घटनेच्या कलम 23 खालची वेठबिगारी ठरवली. आणि धम्माच्या बाजूने बोलायचं तर सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्यं सांगितली आहेत. त्यात ताकदीप्रमाणे काम देणं, अन्न आणि वेतन देणं, आजारपणात काळजी घेणं आणि वेळेवर रजा देणं हे सगळं येतं. आपण वर्षावासात हे सुत्त ऐकतो. बहुतेक वेळा त्यातलं आई-वडिलांचं आणि गुरूचं सांगितलं जातं, मालकाचं वगळून.

आमच्या वर्गात आता सुरुवातीची पंधरा मिनिटं याच कामाला असतात. प्रत्येकाने खिशात छोटी वही ठेवायची, आत गेल्याची आणि खरोखर बाहेर पडल्याची वेळ रोज लिहायची. रोस्टरचा फोटो काढायचा. किमान वेतनातला विशेष भत्ता दर जानेवारी आणि जुलैत बदलतो, तेव्हा नवा दर काढून पावतीशी ताडून पाहायचा. पगारातून 0.75 टक्के ईएसआयसीला जातात का ते बघायचं, कारण तेलाने हात भाजला की दवाखान्यात तोच नंबर विचारतात. दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि तो युनियनलाही करता येतो, त्यामुळे नोकरीत असताना एकट्याने भांडायची सक्ती नाही. अधिकारी दावा मान्य करताना रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई देऊ शकतो. अर्जासाठी वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन आणि दुकाने-आस्थापना खात्यासाठी पालिकेचं वॉर्ड ऑफिस: घाटकोपरला एन, मुलुंडला टी, अंधेरीला के-पूर्व आणि के-पश्चिम, बोरिवलीला आर-मध्य.

ज्या मुलीचे 640 रुपये कापले होते, तिने चार ओळींचं पत्र लिहून मेल केलं. माझ्याकडून नेमकी कोणती चूक झाली आणि माझं म्हणणं कधी ऐकलं, एवढंच विचारलं. उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्याच्या पावतीत 'ॲडजस्टमेंट' या नावाने 640 रुपये जमा होते. तिच्यासोबतच्या दोघांचे अजून परत आलेले नाहीत. त्यांनी पत्र लिहिलेलं नाही, या रविवारी लिहिणार आहेत.