‘गिटार टाउन’ आणि श्रमिकांच्या तीन पिढ्या

अमेरिकेतील ‘कंट्री’ संगीत म्हणजे गोऱ्या, सनातनी, रेगनभक्त अमेरिकेची करमणूक, असा समज डाव्या वर्तुळांत रूढ आहे. तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु या ठोकळेबाज समजापायी श्रमिक जीवनाचा एक अस्सल दस्तऐवज नजरेआड होतो. टेक्सासमध्ये वाढलेल्या स्टीव्ह अर्लची ‘गिटार टाउन’ ही पहिली ध्वनिमुद्रिका मार्च १९८६ मध्ये निघाली. कंट्रीची कथनशैली आणि रॉकची धग यांचा मेळ घालणारी अवघी दहा गाणी. अमेरिकेच्या कंट्री विक्रीयादीत ती पहिल्या स्थानी पोहोचली. अर्ल तेव्हा एकतीस वर्षांचा होता आणि १९७४ पासून नॅशव्हिलमध्ये गीतलेखनावर गुजराण करीत होता.

यातील ‘हिलबिली हायवे’ हे गाणे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अवश्य ऐकावे. आजोबा खाणकामगार, ते खाण सोडून डेट्रॉइटला जातात आणि पैसे साठवतात. त्या पैशांवर मुलगा महाविद्यालयात शिकतो व ह्यूस्टनला नोकरीला लागतो. नातू मात्र शिक्षण सोडून गिटार घेऊन निघतो. ही केवळ कौटुंबिक कथा नव्हे. अमेरिकेतील कोळसा खाणींत १९५० च्या सुमारास चार लाखांहून अधिक कामगार होते. यांत्रिकीकरणामुळे १९७० पर्यंत ते दीड लाखाच्या आत आले. अपालेशियाच्या डोंगराळ भागातून मोटार कारखान्यांकडे माणसांचा लोंढा वाहिला तो त्यामुळे. पुढची तेलनगरीही शाश्वत नव्हती: ध्वनिमुद्रिका बाजारात आली त्याच सुमारास तेलाचे भाव काही महिन्यांत निम्म्याहून खाली कोसळले. भांडवल जागा बदलते, आणि माणूस त्यामागे संसार पाठीवर घेऊन चालतो. ‘समडे’ या गाण्यातील तरुणाला तर तेवढेही साधलेले नाही. महामार्गालगतच्या गावात तो परक्यांच्या गाड्यांत पेट्रोल भरतो. गाड्या निघून जातात, तो तिथेच राहतो.

मात्र या ध्वनिमुद्रिकेची मर्यादाही सांगितली पाहिजे. ‘गुड ओल्ड बॉय’ मधील नोकरदार आपल्या महागड्या ट्रकचे भागीदार मोजतो: तो स्वतः, बँक आणि कोणी एक इराणी. बँकेपर्यंत त्याचा तर्क अचूक आहे. नंतर त्याचा रोष परदेशी माणसाकडे वळतो. रेगन यांनी ऑगस्ट १९८१ मध्ये संपावरील अकरा हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना बडतर्फ केले, तरीही १९८४ मध्ये पन्नासांपैकी एकोणपन्नास राज्ये त्यांनाच मिळाली. त्याची एक उकल या ओळीत सापडते. दुःख खरे, पण त्याला नाव देणारी संघटना जवळ नाही. डेट्रॉइटचा उल्लेख असलेल्या गाण्यातही मोटार कामगारांच्या बलाढ्य युनियनचा मागमूस नसावा, हा दोष एकट्या कवीचा म्हणता येणार नाही. युनियनचे लोक त्या पेट्रोल पंपावर किती वेळा थांबले, हाही प्रश्न आहेच.

अर्लला ते नाव पुढे सापडले. व्यसनाधीनता आणि १९९४ मधील तुरुंगवास यांतून बाहेर पडल्यावर त्याने मृत्युदंडाविरुद्ध आवाज उठवला आणि स्वतःला उघडपणे समाजवादी म्हणवून घेतले. १९९७ च्या ‘ख्रिसमस इन वॉशिंग्टन’ या गाण्यात तो जो हिल, एमा गोल्डमन आणि वुडी गथ्री यांना परत बोलावतो. पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून तिथवर पोहोचायला त्याला अकरा वर्षे लागली.