भिंतीवर कुणाचं नाव?



गटाची सहल म्हटली की देवदर्शन, राणीची बाग नाहीतर चौपाटी, यापुढे आपली यादी जात नाही. आपल्या आधीच्या पिढीतल्या कार्यकर्त्यांचे मोर्चे काळ्या घोड्यापर्यंत जात आणि तिथूनच माघारी फिरत. त्याच भागातल्या जुन्या इमारतींमध्ये आजच्या चित्रकारांची कामे मांडणारी लहान लहान दालने आहेत. आत जायला पैसे पडत नाहीत. तरी आपण जात नाही.

गेल्या महिन्यात वस्तीतल्या पाचजणींबरोबर अशा एका दालनात गेले. खाली रखवालदाराने विचारलं, "कुणाकडे काम आहे?" या बायकांना त्या भागातल्या प्रत्येक दारात हाच प्रश्न ऐकावा लागतो, त्या भांडी घासायलाच आल्या असणार हे ठरलेलं. "काम नाही, चित्रं बघायचीत," एकजण ठणकावून म्हणाली, तेव्हा तो बाजूला झाला. वर दोन खोल्या, पांढऱ्या भिंती, माणसं कुजबुजत बोलणारी. एक भलंमोठं चित्र आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. त्याने काही बिघडलं नाही. पण जुन्या साड्यांचे तुकडे जोडून एका चित्रकर्तीने केलेल्या कामापुढे सगळ्या थबकल्या. टाका कसला, अस्तर काय लावलंय, याची चर्चा सुरू झाली आणि कुजबूज संपली. मग एकीने विचारलं, "ताई, हिला एवढा वेळ कुठनं मिळाला?"

चित्रांवरच्या जाडजूड पुस्तकांत हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, त्याचे सहाही संस्थापक पुरुष. पुढे कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये यांनी त्यांच्याबरोबर चित्रे मांडली. त्यांची चित्रकला मागे पडली आणि भानू अथैय्या या नावाने, वेशभूषेसाठी, १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळालं. नलिनी मलानी, निलिमा शेख, अर्पिता सिंग आणि कलाशाळेचं तोंडही न पाहिलेल्या माधवी पारेख या चौघींनी एकत्र येऊन आपली चित्रे गावोगावी नेली, तोवर १९८७ साल उजाडलं होतं.

वारल्यांची गोष्ट आपल्याला अधिक जवळची. लग्नघरात कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचा मान सुवासिनींचा. त्या लिहीत, लग्न पार पडे, भिंत पुन्हा सारवली जाई. नाव कुणाचंच राहत नसे. १९७५ साली जहांगीरच्या पहिल्या मजल्यावरच्या केमोल्ड या छोट्या दालनात वारली चित्रे लागली ती जिव्या सोमा मशे यांच्या नावाने. मशे यांचा हात विलक्षण होता, याबद्दल वाद नाही. कागदावर रोज, लग्नाविना, स्वतःच्या आनंदासाठी काढणारा हा माणूस पुढे पद्मश्री झाला. पण ते साल आंतरराष्ट्रीय महिला वर्षाचं होतं, आणि पिढ्यान्पिढ्या बायकांच्या बोटांत राहिलेली कला शहराच्या भिंतीवर चढली ती पुरुषाच्या सहीने, हेही नोंदवून ठेवायला हवं. रोज कागद घेऊन बसण्याइतकी उसंत त्या सुवासिनींना मिळाली असती तर? पुन्हा तोच वेळेचा प्रश्न.

म्हणून आपल्या गटांनी दालनांत जावं असं मला वाटतं. "चित्रं कसली बघता, आधी रेशनचं बघा," असं म्हणणारे भेटतील, आपल्यातही भेटतील. रेशनचं आपण बघतोच आहोत.

एक अडचण आहे. बरीच खासगी दालने रविवारी बंद असतात, म्हणजे नेमकी आपल्या सुट्टीला. जहांगीर रविवारीही उघडं असतं. सुरुवात तिथून करता येईल. इतरांना महिन्यातला एक रविवार दार उघडं ठेवा, असं पत्र गटांच्या सह्यांनी पाठवू. मसुदा तयार आहे. आणि जाताना वही न्या. चित्राखालची नावे लिहून आणा. त्यांत बायकांची किती, ते पुढच्या अंकात मांडू.