सुटली, पण जाईल कुठे?

भगिनींनो, आज जरा अवघड विषय काढते आहे. चुलीपाशी याविषयी कोणी बोलत नाही, म्हणूनच बोलायला हवे.

शिक्षा भोगून पुरुष घरी आला की बहुधा त्याची आई नाहीतर बायको वाट पाहत असते. बाईचे तसे होत नाही. ती तुरुंगात गेली की मुलाखतीला येणारे हळूहळू कमी होतात. कधी नवरा दुसरा संसार मांडतो. माहेरची माणसे म्हणतात, “धाकटीचे लग्न व्हायचे आहे, आत्ता येऊ नकोस.” सहा वर्षांपर्यंतचे मूल आईबरोबर आत राहू शकते, मोठी मुले नातेवाइकांकडे किंवा बालगृहात वाढतात. सुटकेच्या दिवशी कपड्यांची पिशवी घेऊन ती फाटकाबाहेर येते, तेव्हा कोणत्या गाडीत बसावे हेच तिला उमगत नाही.

वांग्याचे रोप वाफ्यातून काढून शेतात लावले की चार दिवस जपावे लागते. या बाईलाही तसा मधला निवारा लागतो. ती सोय सरकारने केलेली आहे. तुरुंगातून सुटलेल्या निराधार स्त्रीला आसरा द्यावा, असे ‘स्वाधार गृह’ योजनेच्या २०१५ च्या नियमांत स्पष्ट लिहिले होते. २०२२ मध्ये ही योजना ‘शक्ती सदन’ या नावाने केंद्राच्या ‘मिशन शक्ती’त आली. तेथे राहणे-जेवण मिळते, औषधपाणी होते, वकिलाचा सल्ला मिळतो, हाताला काम शिकता येते. चौकशी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात करावी, किंवा १८१ या क्रमांकावर फोन करावा. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा उपक्रम १९९० पासून अशा स्त्रियांसाठी काम करतो आहे.

पण निवारा म्हणजे मुक्काम नव्हे. शेवटी हवे ते घरच. येथे आपल्या शेतकरी घरांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. शिक्षा झाली म्हणून बाईचा जमिनीतला वाटा जात नाही. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, ज्याचा खून केला त्याचा वारसा खुन्याला मिळत नाही. एरवी तिचा हक्क शाबूत असतो. म्हणून “ती आता कशाला येते” असे म्हणून तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेऊ नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने नांदत्या घरात राहण्याचा हक्क स्त्रीला दिला आहे. कायदेशीर मार्गावाचून तिला बाहेर काढता येत नाही. वकिलाला पैसे नसतील, तर स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

भावांनो, तुमची बहीण आत असेल तर मुलाखतीला जात राहा. तिच्या मुलांना आईचे पत्र वाचून दाखवा. शिधापत्रिकेवरचे तिचे नाव टिकले आहे ना, तेही पाहा. न्यायालयाने द्यायची ती शिक्षा दिली आणि तिने ती भोगली. त्यात गावाने आपली भर घालू नये. अशी कोणी परत आली, तर आधी चहा ठेवा. बाकीचे प्रश्न सावकाश विचारता येतील.