हिंगणघाटच्या उन्हात परवडणारा रोल

दसऱ्यानंतर हिंगणघाटच्या बाजार समितीत कापसाच्या गाड्या लागू लागतात आणि त्याच सुमारास आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो: रोजच्या वापराला स्वस्तातला रंगीत रोल कोणता? विचारणारे दोन तऱ्हेचे असतात. वडिलांच्या स्टुडिओच्या कपाटात जुना यशिका सापडलेली तरुण मुलं, आणि लग्नसराईत डिजिटलवर राबून उरलेल्या वेळात स्वतःसाठी फिल्म चालवणारे व्यावसायिक. दोघांनाही आमचं सांगणं एकच. डबीवरची किंमत पाहून रोल ठरवू नका.

आधी हिशेब नीट मांडा. रोल, धुलाई, स्कॅन आणि तालुक्याच्या गावाहून लॅबपर्यंतचं जाण्यायेण्याचं कुरिअर, हे सगळं एकत्र करून ३६ ने भागा. रोलमागे शंभर रुपये वाचवले, तर फ्रेममागे वाचतात पावणेतीन. त्या बचतीपायी घेतलेला मुदत संपलेला रोल बिघडला, तर छत्तीसही फ्रेम जातात, आणि धुलाई-कुरिअरचे पैसे तर द्यावे लागतातच.

विदर्भात रोल बिघडवणारी मुख्य गोष्ट म्हणजे ऊन. रंगीत निगेटिव्हमध्ये निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशाला जागणारे वेगवेगळे थर एकावर एक असतात. उष्णतेने ते सारख्या वेगाने म्हातारे होत नाहीत. एक थर मागे पडला की सावल्यांत एक रंग आणि उजेडात दुसराच रंग चढतो, आणि तो स्कॅनमध्ये ओढूनताणूनही पुरता सुटत नाही. ब्लॅक अँड व्हाइटला एकच चांदीचा हिशेब असतो, त्यामुळे ‘इंदू’ या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मच्या जमान्यात कपाटात पडून राहिलेला रोलही बऱ्यापैकी निभावून जायचा. रंगीतचं तसं नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या दुकानात ठेवलेला रोल कोणत्या कंपनीचा आहे याला फारसा अर्थ उरत नाही.

म्हणूनच आमची पहिली पसंती कोडॅकच्या प्रो इमेज १०० ला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हा रोल आला तो आशिया, लॅटिन अमेरिकेसारख्या बाजारपेठांसाठी, आणि उष्ण-दमट हवेतही तो खोलीच्या तापमानाला ठेवता यावा, असा विचार त्यात मुळातच होता. लग्नसमारंभ आणि माणसांचे चेहरे हे त्याचं काम. युरोपातल्या हौशी मंडळींना तो बऱ्याच उशिरा मिळाला, त्यामुळे परदेशी शिफारशी वाचून रोल निवडणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना त्याचं नाव चटकन सापडत नाही. त्यांच्या याद्या थंड हवेत बसून केलेल्या असतात.

शंभरची गती कमी पडेल, ही शंका रास्त आहे. पण वणा नदीचा काठ, बाजाराचं आवार, शाळा सुटतानाचा रस्ता, हे सगळं आपण भर उजेडात टिपतो. स्वच्छ उन्हात एफ १६ ला सव्वाशेचं शटर मिळतं. आणखी काय हवं? जिनिंगच्या शेडमध्ये किंवा दिवाळीच्या संध्याकाळी मात्र तो पुरणार नाही. तिथे अल्ट्रामॅक्स ४०० घ्या. ट्यूबलाइटखाली हिरवी झाक येईल, ती डेलाइट फिल्मला येणारच.

मधल्या वाटेवर गोल्ड २०० आणि कलरप्लस २०० आहेत. हिवाळ्यात दोन्ही उत्तम. गोल्डचा रंग जरा उबदार, कलरप्लस थोडा जुन्या वळणाचा. सहसा जो स्वस्त मिळेल तो घ्यावा, इतपतच फरक. पोर्ट्रा चांगला आहे यात वाद नाही, पण रोजच्या चालण्याबोलण्यात पोर्ट्रा जाळणं म्हणजे उधळपट्टी. हारमनचा २०२३ च्या डिसेंबरात आलेला फिनिक्स २०० हा वेगळाच प्राणी: कॉन्ट्रास्ट भारी, चुकीला माफी कमी. एखादा रोल गंमत म्हणून घाला, नेहमीचा म्हणून नको.

आता एक्सपोजरबद्दल, कारण हिंगणघाटकरांची अडचण खास आहे. कापसाचा ढीग मीटरला फसवतो. पांढऱ्याशुभ्र ढिगाला मीटर राखाडी समजतो, शटर आवळतो, आणि निगेटिव्ह पातळ येते. रंगीत निगेटिव्हला कमी प्रकाश सोसत नाही; सावल्या मातकट होतात, दाणा वर येतो. उलट दोन स्टॉप जादा दिले तरी ती बहुधा सांभाळून घेते. म्हणून ढिगासमोर मीटर सांगेल त्यापेक्षा दीड स्टॉप जास्त द्या, किंवा शेजारी उभ्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावरून मोजा. एरवीही २०० चा रोल १०० वर लावायची सवय वाईट नाही.

आणखी एक सावधगिरी. कापून डब्यांत भरलेली सिने फिल्म स्वस्त मिळते म्हणून मोह होतो. तिच्या पाठीवर रेमजेटचा काळा थर असेल, तर ती रंगीत निगेटिव्ह धुणाऱ्या साध्या सी-४१ मशीनमध्ये जाता कामा नये. तो थर सुटून रसायनात मिसळतो आणि मागून येणाऱ्या दुसऱ्यांच्या रोलवर बसतो. तिला ईसीएन-२ प्रक्रिया लागते. रोल देताना लॅबला न सांगणं हा सरळसरळ अपराध आहे.

लॅब निवडताना दर विचारण्याआधी रोज किती रोल धुता, हे विचारा. सी-४१ चा डेव्हलपर ३८ अंशांना सव्वातीन मिनिटं चालतो, आणि सतत काम असलं तरच तो ताजा राहतो. आठवड्यात चार रोल धुणाऱ्या मशीनवर चांगली फिल्मही मळकट निघते. घरी धुणाऱ्यांना आपल्याकडे एक सवलत आहे म्हणा: मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी तापवावं लागत नाही, थंड करावं लागतं.

रोल फ्रिजमध्ये, बंद डब्यात ठेवा, वापरण्याआधी दोन-तीन तास बाहेर काढा, नाहीतर दमट दिवसांत त्यावर पाणी धरतं. काढून झालेला रोल मात्र महिनोन्महिने ठेवू नका. लॅबला पाठवून मोकळे व्हा.

या कापूस हंगामात काढलेल्या निगेटिव्ह आम्हाला पाठवा. सोबत रोलचं नाव, मुदत, तो कुठे ठेवला होता आणि एक्सपोजर लिहा. निवडक निगेटिव्ह मार्चच्या अंकात, उन्हाळा लागण्याआधी, छापू.