ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

जुने इंग्रजी वाङ्मय वाचताना अपरिचित शब्द आपल्याला सहसा फसवीत नाहीत. ते अडले की आपण कोश उघडतो. फसवितो तो ओळखीचा वाटणारा शब्द. त्याचा अर्थ ठाऊकच आहे अशा समजुतीने आपण निःशंक पुढे जातो.

आमचेच उदाहरण सांगतो. नोकरीच्या आरंभी इंग्रजीचेही तास आमच्याकडे असत. शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधील सज्जाचा प्रवेश शिकविताना ज्युलिएटच्या तोंडच्या 'व्हेअरफोर'चा अर्थ आम्ही 'कोठे' असा सांगितला. वर कपाळाशी हात धरून प्रियकराला शोधण्याचा अभिनयही केला! एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ती त्याला शोधते आहे, तर लगेच नावाविषयी का बोलू लागते?" आम्ही तिला दटावून खाली बसविले. घरी येऊन कोश पाहिला. 'व्हेअरफोर' म्हणजे 'का'! रोमिओ खाली बागेत उभा आहे, हे ज्युलिएटला ठाऊकही नाही. वैऱ्याच्या कुळातले नाव याच्याच वाट्याला का यावे, हे तिचे दुःख.

अशी स्थळे पुष्कळ आहेत. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) या कादंबरीत कॉलिन्स लेडी कॅथरिनच्या 'कन्डिसेन्शन'ची तोंड भरून स्तुती करतो. आज त्या शब्दाला तुच्छतेचा वास येतो. त्या काळी थोरांनी मोठेपणा विसरून लहानांशी सौजन्याने वागणे, असा त्याचा अर्थ होता. शेक्सपिअरच्या नाटकांत 'प्रेझेंटली' म्हणजे बहुधा 'थोड्या वेळाने' नव्हे, तर 'तत्काळ'. 'लेट' म्हणजे 'करू देणे'. पण उच्चाराने त्याच्याशी एकरूप झालेल्या दुसऱ्या जुन्या शब्दाचा अर्थ नेमका उलटा, 'अडथळा'. तो अर्थ आपल्या पासपोर्टावरील इंग्रजी मजकुरात आजही टिकून आहे.

यात नवल ते काय? संस्कृतातील 'राग' म्हणजे प्रीती. मराठीत तो संताप झाला, जुना अर्थ 'अनुरागा'त तेवढा उरला. 'शिक्षा' म्हटले की इंदूर-ग्वाल्हेरकडील हिंदी शेजाऱ्याला शाळा आठवते, आपल्याला छडी!

म्हणून वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते : शब्द सगळे ओळखीचे असूनही वाक्य जुळेनासे झाले, तर लेखकाला दोष देण्यापूर्वी त्या ओळखीवरच संशय घ्यावा. ती मुलगी तेच करीत होती. दुसऱ्या दिवशी भर वर्गात आम्ही आमची चूक कबूल केली. 'व्हेअरफोर'चा अर्थ आमचे विद्यार्थी पुढे विसरले असतील. आम्ही मात्र विसरलो नाही.