आईचा डोंगर

आमची आई आता थकली आहे. गुडघे धरल्यामुळे सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी तिला जाववत नाही. "निदान डोंगराचा फोटू तरी आण," असं ती म्हणाली. हिवाळ्यात आम्ही गावी गेलो आणि भर दुपारी मोबाईलवर फोटो काढला. आकाश निळंशार, डोंगर लख्ख. चांगली मोठी प्रिंट काढून आईच्या हातात दिली. तिनं पाहिली आणि बाजूला ठेवली. म्हणाली, "ह्यो डोंगर आपला न्हाई."

आम्हांला वाईट वाटलं. डोंगर तोच, बाभळी त्याच. मग चुकलं कुठं?

अमेरिकेत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स नावाचे नामवंत छायाचित्रकार होऊन गेले. १० एप्रिल १९२७ रोजी ते कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात, हाफ डोम या प्रचंड कड्यासमोर उभे होते. जवळ काचेच्या दोनच प्लेट उरल्या होत्या. एक त्यांनी पिवळा फिल्टर लावून घेतली. मग ध्यानात आलं की यात कडा दिसेल, पण तो पाहून मनाला जे वाटलं ते येणार नाही. शेवटच्या प्लेटला त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. लाल काच निळा प्रकाश अडवते. त्यामुळे कृष्णधवल चित्रात आकाश जवळजवळ काळं उमटलं आणि कडा अंगावर आल्यासारखा दिसला. आधी मनात चित्र, मग कळ दाबायची!

आम्ही आईलाच विचारलं, "तुझा डोंगर कसा होता?" ती म्हणाली, "दिवस उगवायच्या आधी लाकडाला जायचो. तवाच बघितला. दुपारी बघायला सवड कुणाला व्हती?"

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा गेलो आणि पहाटेच उठलो. थंडीत गार, जड हवा खोलगटात बसते. चुलींचा धूर वर न जाता घरांवर आडवा पसरतो. जवळची बाभूळ काळी, मागचा डोंगर फिका. असं दिसलं की चित्राला खोली येते. मोबाईल मात्र अंधार उजळवू पाहतो. पहाट आहे हे त्याला काय ठाऊक! म्हणून पडद्यावर उजळ आकाशाला बोट लावलं, प्रकाश कमी केला, फ्लॅश बंद ठेवला आणि हात हलू नये म्हणून मोबाईल बांधावरच्या दगडाला टेकवला.

हा फोटो आईनं खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला. मग डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "मोळीची चुंबळ अजून हितं रुतल्यागत वाटती."

बंधू-भगिनींनो, गावचा फोटो काढण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एवढंच विचारा : तुम्ही तो कोणत्या वेळी पाहिला होता?