मोठे नाव की पुढचे काम?

एच.एस.सी.चा निकाल लागला की आमच्या घराघरांत एकच प्रश्न निघतो : आता मुलाला कुठे पाठवायचे? मोठ्या विद्यापीठाचे नाव कानी पडताच आईबाप उसाचे शेत गहाण टाकायलाही तयार होतात. आम्हांला याची काळजी वाटते.

जर्मनीतील हेर्त्सोगेनआउराख हे लहानसे शहर पाहा. दास्लर बंधूंच्या भांडणातून निघालेल्या आदिदास आणि पुमा या दोन्ही कंपन्या तेथल्याच. बेअरिंग बनवणारी शेफ्लर कंपनीही १९४६ पासून तेथे आहे. विद्यापीठासाठी जवळच्या एर्लांगेनला जावे लागते; ते १७४३ सालचे. पण तेथील काही मुले आधी कंपनी शोधतात, मग अभ्यासक्रम. काही महिने वर्गात, काही महिने कामावर, आणि दरमहा पगार! अर्ज मात्र बराच आधी करावा लागतो.

आमच्या मुलांनी तेथेच जावे असे आम्ही म्हणत नाही. जर्मन भाषा हवी. शिवाय विद्यार्थ्याच्या व्हिसासाठी २०२४ साली वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी दाखवावे लागत. इकडे आमच्या सरकारने २०१९ साली सार्वजनिक संस्थांतील पहिल्या पदवीची फी माफ केली, हे किती घरांत मोजले जाते?

गणित सोडलेल्या मुलाला अभियांत्रिकीचे दार निकालानंतर उघडत नाही. म्हणून एच.एस.सी.चे विषय निवडतानाच पालकांनी मुलांसह बसावे. अभ्यासक्रमात काय शिकवतात, पुढे काम कोठे मिळाले, हे तेथे शिकून आलेल्यांना विचारावे. एजंटाकडे जायचे ते त्यानंतर.